‘एमास’ आणि म्हस

“म्हैस सुटेल, पण फ्रेंचमधून अर्ज केलास तरच!” निंबगिरीच्या भुजंगराव महाराजांनी फर्मावलं, आणि गवळ्याची कौतिक मटकन खालीच बसली.

आता तुम्ही म्हणाल, म्हशीचा आणि फ्रेंचचा संबंध काय? अहो, संबंध होता! महाराजांच्या डोक्यात दरसाल एक नवं खूळ शिरायचं. मागच्या साली कबुतरं, यंदा फ्रेंच. त्यासाठी पॅरिसहून मास्तर आणवले, मुसे द्युब्वा. गावाने त्यांचे परस्पर दुबेबुवा करून टाकले. बरं, फ्रेंच शिकायचं तर ‘या, बसा, पाणी घ्या’ शिकावं की नाही? छे! महाराजांना आवडलं ते क्रियापदाचं सगळ्यात अवघड रूप, जे खुद्द फ्रेंच माणसंही बोलताना टाळतात. माणसाने काल कसली इच्छा धरली होती, तो कशाला भीत होता, तर पुढच्या क्रियापदाला हे रूप यायचं. ‘त्याने यावं अशी माझी इच्छा होती,’ यातलं ते ‘यावं’. करायचं कसं? ‘तू प्रेम केलंस’ म्हणजे ‘एमा’. त्याला ‘स’चं शेपूट लावायचं, की झालं ‘एमास’! (‘तो’ आणि ‘ती’ला तेवढं ते शेपूट गळून पडतं.) त्या शेपटावर महाराज असे काही लुब्ध झाले की त्यांनी दवंडीच पिटवली, ‘दरबारात कुणाचीही, अगदी सरकारांचीही, इच्छा याच रूपात बोलली जाईल. नाहीतर तोंड बंद!’

तर त्या सकाळी महाराज बागेत फेऱ्या मारत घोकत होते, “एमास! एमास! एमास!”

बागेच्या कुंपणापलीकडे कौतिकची म्हैस चरत होती. गवळ्याच्या घरात तिला बाळपणापासून एकच हाक. “ए म्हस!” म्हटलं की हातातलं, म्हणजे तोंडातलं, टाकून धावत यायचं. बाईंना वाटलं, आपल्यालाच बोलावतायत, तेही इतक्या मायेने! कुंपण मोडून आत आल्या, हौदातलं गुलाबपाणी प्यायल्या, दुबेबुवांची गवती टोपी चावून गिळली आणि चिखलाची मान महाराजांच्या जरीच्या अंगरख्याला मनसोक्त घासली.

महाराज कडाडले, “झ वुले केल रेस्ता आँ प्रिझाँ!” मग शिपायांची तोंडं बघून त्यांनी मराठीत सांगितलं, “ती तुरुंगात राहावी अशी माझी इच्छा होती!”

शिपायांनी म्हैस नेऊन कोठडीत घातली. कौतिक धावत आली, हातापाया पडली, पण महाराज फ्रेंचवर अडून बसले. “उद्या दरबारात त्या रूपात अर्ज कर, नाहीतर म्हैस सरकारजमा!”

घरी रेडकू आईसाठी हंबरून हंबरून आडवं झालेलं. कौतिकने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि ढसाढसा रडली. “फ्रेंच कुठनं आणू रे बाबा? मला धड मराठीबी लिवता येत न्हाई!” रडता रडता ती महाराजांचं बोलणं आठवत राहिली, एकेक शब्द पुन्हा पुन्हा. आणि एका शब्दाशी तिचं रडंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती खांद्यावर दावं टाकून.

“आण अर्ज!” महाराज म्हणाले.

“अर्ज कशाचा जी? म्या म्हस न्यायला आले.”

“कुणाच्या हुकमाने?”

“सरकारांच्याच की! काल काय बोलला व्हता, त्ये येकदा सांगा जी.”

महाराजांना एवढंच हवं होतं! छाती फुगवून फ्रेंच म्हणून झालं, मग मराठी. “ती तुरुंगात राहावी अशी माझी इच्छा होती!”

“व्हती?”

“होती!”

“व्हती म्हंजे आता न्हाई!” कौतिक म्हणाली. “मग म्हस अजून आत कशापायी?”

दरबारात खसखस पिकली. महाराज लालबुंद झाले. “काय वाटेल ते बोलू नकोस! इच्छा कालही होती, आजही आहे!”

“मग आजची बोला जी. त्याच रूपात.”

“बोलतो की! झ व केल रेस्ता...”

“नों, नों, नों!” दुबेबुवा खुर्चीवरून ताडकन उठले. चुकीचं व्याकरण कानावर पडलं की त्यांना राहवायचं नाही. “चूक, महाराज, घोर चूक! इच्छा आज, तर ‘रेस्त’! साधा! ‘रेस्ता’ फक्त कालच्या इच्छेला!”

“मग साधं तर साधं!” महाराज ओरडले. “झ व केल रेस्त...”

“तोंड बंद!” कौतिक म्हणाली आणि लगेच जीभ चावून हात जोडले. “म्या न्हाई जी, सरकारांची दवंडी म्हणती! साधं रूप दरबारात चालत न्हाई. आता बगा, म्हस कोंडून ठेवायची तर इच्छा आजची पायजे. आजची बोलाय दवंडी आडवी येती. आन् बोलता येती ती कालची, ती तर सरली! दार तेवढं उघडाय सांगा, रेडकू उपाशी हाय.”

महाराजांनी दुबेबुवांकडे पाहिलं. दुबेबुवांनी खांदे उडवले. “पोरगी बरोबर, महाराज.”

महाराजांनी ओठ दाबून धरले, गाल फुगवले, पण हसू कुठलं आवरतंय! ते असे खदाखदा हसले की पगडी कानावर आली. “सोडा रे म्हशीला! आमच्याच शेपटाने आम्हाला बांधलं या पोरीने! दवंडी राहू दे बाजूला, माग कौतिक, काय हवं ते माग!”

कौतिक पुढे झाली, पदर सावरला आणि ठासून म्हणाली, “सरकारी कुरणात माझ्या म्हशीला जलमभर चरू द्यावं, अशी माझी इच्छा हाय. हाय बरं का म्हाराज, व्हती न्हाई!”

महाराज पुन्हा हसत सुटले, आणि कुरण त्याच घटकेला कौतिकच्या म्हशीला मिळालं.