गेनबाने साखरेवर पाणी सोडले

घाटाच्या पायथ्याशी एक गाव आहे. त्या गावात गेनबा नावाचा एक भोळा फळवाला राहायचा. भोळा म्हणजे किती? तर कुणी 'गेनबा, जरा कान इकडे कर' म्हटलं की तो हाताने कान ओढून दाखवायचा. गावाने त्याला तोंडावर कधी मूर्ख म्हटलं नाही. गाव सभ्य होतं. तोंडावर 'साधा माणूस' म्हणायचं आणि कोपऱ्यावर वळून मग हसायचं.

गेनबाची फळांची हातगाडी घाटाच्या पहिल्या वळणावर उभी असायची. केळी, पेरू, चिकू, हंगामात फणस. दिवसभर बसून तो विकायचा आणि विकता विकता खायचा. त्यामुळे धंदा होता तेवढाच राहिला आणि गेनबा मात्र वाढत गेला.

एकदा गाडीवर बसल्या बसल्या त्याला भोवळ आली. बायको शेवंता त्याला डॉक्टर पाध्येबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी रक्त तपासलं, वजनकाट्यावर उभं केलं आणि चष्मा काढून ठेवला.

"गेनबा, तुमची साखर काठावर आहे."

गेनबाने मिशीवरून हात फिरवला. मग सदऱ्याचा काठ उलटून पाहिला.

"नाही हो बाई. पडली वाटतं वाटेत."

"अहो, म्हणजे मधुमेह व्हायच्या बेतात आहात. तीन महिने देते. वजन कमी करा. साखरेवर पाणी सोडा. नाहीतर गोळ्या सुरू, त्याही जन्मभर."

शेवंताचा चेहरा उतरला. तिच्या वडिलांचा एक पाय साखरेपायी घोट्यापासून काढावा लागला होता. ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येताना ती रस्ताभर नवऱ्याच्या पायांकडे बघत होती. गेनबाला तिचा उतरलेला चेहरा कधी सोसायचा नाही.

"तू काळजी नको करू," तो म्हणाला. "बाई सांगतील तसंच करीन. अक्षर इकडचं तिकडे होणार नाही."

आणि तिथेच सगळं बिघडलं.

गेनबा आधी गाडीवर गेला. तराजूजवळचं दोन किलोचं वजन उचललं आणि ओढ्यात टाकलं. वजन कमी झालं. मग घरी आला, साखरेचा डबा उघडला आणि त्यात तांब्याभर पाणी सोडलं. साखर विरघळली. आता एवढं चांगलं पाणी ओतून कशाला द्यायचं, म्हणून तो उभ्या उभ्या प्यायला.

शेवंता आली.

"अहो, डबा ओला कसा?"

"पाणी सोडलं."

"आणि साखर?"

गेनबाने पोटाकडे बोट दाखवलं.

शेवंताने दीर्घ श्वास घेतला. "हे बघा, साखर खायचीच नाही. गोड खावंसं वाटलं तर फळ खायचं. तेही दिवसाला एक."

"एकच?"

"एकच."

"दुसरं अजिबात नाही?"

"शिवायचंसुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी गेनबाने गाडीवरचा सगळ्यात मोठा फणस फोडला. सकाळी गुरं रानात निघाली तेव्हा बसला आणि गुरं परत आली तेव्हा हात पुसले. मधे एका गिऱ्हाइकाने कौतुकाने द्राक्षाचा एक मणी पुढे केला. गेनबाने हात जोडले.

"नको दादा. माझं पथ्य चालू आहे."

त्या रात्री पोटाने त्याच्या पथ्याबद्दल आपलं मत मांडलं. सकाळी पुन्हा पाध्येबाई.

"फणस?" बाई म्हणाल्या. "अख्खा?"

"एकच होता."

"अहो, फळ मुठीत मावेल एवढंच खायचं. आणि दोन जेवणांच्या मध्ये खायचं. समजलं?"

समजलं तर होतंच. गेनबाला न समजणं हा प्रकार माहीतच नव्हता.

दुपारी तो शेवंताला म्हणाला, "दोन ताटं वाढ."

"दुसरं कुणाला? कोण आलंय?"

"कुणी नाही. दोन्ही माझीच."

एक ताट त्याने डाव्या बाजूला मांडलं, एक उजव्या बाजूला आणि स्वतः मधे बसला. डावं जेवण संपवलं. मग तीन केळी सोलली आणि मुठीत घेऊन दाबायला लागला. पहिलं मावलं. दुसऱ्याने बोटांतून बाहेर यायचा प्रयत्न केला, त्याला अंगठ्याने आत ढकललं. तिसऱ्याच्या वेळी घाम फुटला, पण मावलं. मूठ चाटून पुसून साफ केली आणि मग उजव्या ताटाकडे वळला.

"पथ्य म्हणजे फार दगदग असते बुवा," तो म्हणाला.

शेवंता कपाळाला हात लावून बसली. "दाबायचं नाही हो! दाबायचं नाही, पिळायचं नाही, सुकवायचं नाही. फळ झाडाला जसं असतं ना, तसंच्या तसं खायचं."

शेजारी लोंढे मास्तरांचं पेरूचं झाड होतं. मास्तर अंगणात पापड वाळत घालून आत गेले होते. बाहेर आले तर झाडावर गेनबा. हात पाठीमागे बांधलेले, मान पुढे काढलेली, फांदीला लटकलेल्या पेरूचे तो नुसत्या दातांनी लचके तोडत होता. आजूबाजूला अर्धे खाल्लेले चार पेरू देठासकट डोलत होते.

"गेनबा! काय चाललंय?"

"पथ्य," गेनबा भरल्या तोंडाने म्हणाला. तेवढ्यात फांदी मोडली. फांदी, पेरू आणि गेनबा, तिन्ही पापडांवर आले.

मास्तर पापडांचा चुरा बघत राहिले. "अरे, खाण्याआधी मालकाला विचारावं, एवढीही रीत नाही का तुला?"

गेनबाला खरंच लाज वाटली. "चुकलं मास्तर. यापुढे मालकाला विचारल्याशिवाय घास तोंडात घालणार नाही."

तो दिलेल्या शब्दाला जागला. दुसऱ्या दिवशी गाडीवर चिकूची ताजी पाटी आली होती. त्याने एक चिकू हातात घेतला आणि थांबला. गाडीचा मालक कोण? तोच. मग त्याने अदबीने विचारलं.

"मालक, एक चिकू घेऊ का?"

"घे की. लाजतोस काय?"

"मालक, अजून एक?"

"अरे, तू काय परका आहेस?"

मालक फार दिलदार निघाला. एकदाही नाही म्हणाला नाही. दुपारपर्यंत पाटीचा तळ दिसला. गेनबाला गहिवरून आलं. इतकी वर्षं आपण एवढ्या मोठ्या मनाच्या माणसाकडे काम करतो आहोत, आणि आपल्याला पत्ताच नव्हता.

असं पथ्य तीन महिने झालं. गेनबाला भेटेल तो विचारायचा, "काय गेनबा, बारीक होतोयस ना?" आणि त्याच्या पोटाकडे न बघता निघून जायचा. याच सुमारास त्याच्या मुलीचं, वनिताचं, लग्न जमलं. मुलगा सुहास, पलीकडच्या तालुक्यातला, शाळेत शिपाई. पोरगी पोराला आवडली, पोरगा पोरीला आवडला, आणि येत्या रविवारनंतरचा रविवार साखरपुड्याचा ठरला.

त्याआधी तपासणी झाली. वजन चार किलोंनी वाढलं होतं. साखरेने काठावरून सरळ उडी मारली होती.

या वेळी पाध्येबाई रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या.

"गेनबा, नीट ऐका. फळात साखर असते. निसर्गाने घातलेली असते, पण असते. चोथ्याबरोबर येते म्हणून ती रक्तात हळूहळू उतरते. मधल्या वेळी भूक लागली तर पेरूच्या चार फोडी खा, मूठभर फुटाणे खा. पोट भरेल, नुकसान होणार नाही. पण पाटीभर खाल्लंत तर निसर्ग तुम्हाला काही सूट देणार नाही. आणि बाहेरून आणलेली, पुड्यात बांधलेली साखर, ती तर उंबऱ्याच्या आत घ्यायचीच नाही. कुणीही आणो. कितीही प्रेमाने आणो."

"कुणीही आणली तरी?"

"कुणीही."

शेवंता बाकावर बसून पदराने डोळे पुसत होती. गेनबाने ते पाहिलं.

"बाई," तो म्हणाला, "पोरीला सासरी पाठवताना मला दोन्ही पायांवर उभं राहायचंय."

आणि काय सांगावं, गेनबा सुधारला! सकाळी पेरूच्या चार फोडी, दुपारी भाकरी-भाजी, संध्याकाळी मूठभर फुटाणे. उरलेला वेळ तो उंबऱ्यात बसून राहायचा. मास्तरांच्या घरून शिऱ्याची वाटी आली, उंबऱ्यातून परत गेली. कुणाच्या बारशाचे पेढे आले, तेही परत गेले. आठ दिवसांत सदरा सैल झाला. रात्री शेवंता स्वयंपाक करताना गुणगुणायला लागली. सांगितलेलं आणि केलेलं आयुष्यात पहिल्यांदाच जुळलं होतं. गावाला करमेना.

रविवार उजाडला. दारी मांडव, अंगणात सतरंज्या. वनिता नवी साडी नेसून आत बसली होती, शेवंता चुलीपाशी होती आणि गेनबा आपल्या जागेवर, उंबऱ्यात.

जीप येऊन थांबली. पुढे सुहासचे वडील दौलतराव, डोक्याला फेटा, हातात सोनेरी कागदाचा उंच पुडा. मागे त्यांची बायको, दोन काका, तीन आत्या आणि सगळ्यांच्या मागे सुहास.

गेनबा उभा राहिला. "या, या. हातात काय आणलंत?"

"काय म्हणजे? पुडा!"

"पुड्यात काय?"

"साखर. दुसरं काय असणार?" दौलतराव हसले.

गेनबा हसला नाही. "बाहेरून आणलीत?"

"नाहीतर काय, घरी पिकवली? मोठ्या प्रेमाने आणलीय."

"प्रेमाने," गेनबा पुटपुटला. "बाई म्हणाल्याच होत्या."

त्याने दोन्ही हात उंबऱ्याच्या चौकटीला लावले. "आत यायची नाही."

"कोण यायची नाही?"

"साखर."

"अहो, साखरपुडा आहे!"

गेनबाने विचार केला. पाहुण्यांचंही मन मोडायला नको. "असं करू. पुडा आत येऊ द्या. साखर बाहेर राहू द्या."

कुणाला काही कळायच्या आत त्याने पुडा घेतला, मांडवाबाहेर शेवग्याच्या बुडाशी उलटा केला, टिचकी मारून शेवटचा कणही झटकला. मग रिकामा कागद कपाळाला लावून म्हणाला, "या आता सगळे. जेवून घ्या."

मग तिन्ही आत्या एकदम बोलायला लागल्या. सुहासची आई 'अपशकुन, अपशकुन' म्हणत जीपकडे वळली. दौलतरावांचा फेटा थरथरायला लागला. पाहिलं तर मांडवात कुणीच उरलं नव्हतं. फक्त शेवग्याच्या बुडाशी मुंग्यांची पंगत बसली होती.

शेवंता पिठाच्या हातांनी धावत बाहेर आली. "अहो, हे काय केलंत! ती शकुनाची साखर होती. पोरीचा संसार मोडायला निघालात! धावा. पाया पडा त्यांच्या. ते काय म्हणतील त्याला हो म्हणा. काहीही म्हणू देत, तोंडातून 'नाही' हा शब्द काढायचा नाही!"

गेनबा धावला. आठ दिवसांच्या पथ्याने त्याला धावता येत होतं. जीप चालू व्हायच्या आत त्याने दार धरलं.

"चुकलं, दौलतराव. तुम्ही म्हणाल ते."

"मी म्हणेन ते?" दौलतराव फुत्कारले. "म्हणजे लग्नाला आलो की आमची वरातही अशीच बाहेर झटकणार तुम्ही?"

"हो."

"हो? मग आम्ही काय तुमच्या दारात मुंग्यांच्या पंगतीला जेवायला बसायचं?"

"हो."

"ऐका! ऐका हा माणूस!" दौलतराव बायकोला म्हणाले. "मग एक काम करा. आमचा पोरगाही ठेवून घ्या तुमच्याकडे!"

"हो," गेनबा म्हणाला, आणि त्याने सुहासला मनगटाला धरून खाली उतरवलं. सुहास फारसा अडला नाही. खरं सांगायचं तर तो हसू दाबत होता आणि मघापासून खिडकीतल्या वनिताकडेच बघत होता.

दौलतरावांचा आवाज फाटला. "आणि तुमची पोर घाला बरणीत, लोणचं करून!"

"हो," गेनबा म्हणाला आणि वाकून त्यांच्या पाया पडला.

जीप धुरळा उडवत गेली. गेनबा जावयाला हाताला धरून घरी आला. चेहऱ्यावर मोठं समाधान. शेवंता दारातच उभी होती, तिच्या मागे वनिता.

"काय झालं? काय म्हणाले?"

"सगळं मिटलं. मी एकदासुद्धा नाही म्हणालो नाही. मुलगा ठेवून घ्या म्हणाले, आणलाय."

"अगं बाई! आणि वनिताचं काय?"

गेनबाने सदऱ्याच्या बाह्या वर केल्या.

"तिला बरणीत घालायचं ठरलंय. मोठ्यातली मोठी बरणी काढ, आणि मीठ जरा जास्तच घाल. एकुलती एक पोर आहे, टिकली पाहिजे."