घड्याळाची पाठ

"मग उस्ताद, कसं आहे? खरं खरं सांगा."

यशोधन सबनीस विचारत होता खरा, पण उत्तर त्याला मुंबईहून निघतानाच ठाऊक होतं.

परकार उस्तादांनी घड्याळ तळहातावर घेतलं. मनगटी, लांबट चौकोनी, सोन्याचं. पांढऱ्या तबकडीवर काळे रोमन आकडे, पोलादी निळे काटे, चावीच्या टोकाला निळा खडा.

एके काळी मुंबईच्या घड्याळबाजारात उस्तादांच्या शब्दावर व्यवहार ठरत. आता ते खाडीकाठच्या आपल्या गावी दर्ग्याच्या ओट्यावर बसत आणि आल्यागेल्याला पाणी देत. त्यांच्याच हाताखाली शिकून यशोधन मोठा पारखी झाला होता. बड्या बड्या लिलावांत लोक त्याच्या तोंडाकडे पाहत. त्याचा त्याला गर्व होता. थोडाथोडका नव्हे, चांगला मणभर.

पण त्या गर्वाखाली एक सल होता. उस्तादांनी त्याच्याकडून कधी काही घेतलं नव्हतं. मिठाईचा पुडा आणला तरी तो शेजारीपाजारी वाटून टाकायचे. आज तरी त्यांनी काही घ्यावं, एवढ्यासाठीच तो आला होता.

उस्तादांनी सावकाश चावी दिली. मग घड्याळ कानाशी धरून डोळे मिटले.

"बोला ना, उस्ताद."

"थांब. आधी ते बोलू दे."

थोड्या वेळाने उस्तादांनी डोळे उघडले.

"तबकडी मूळची," उस्ताद म्हणाले. "पुन्हा रंगवलेली नाही. काटे मूळचे. यंत्र तर काय, नुसतं ऐकत राहावं. आणि हे कोपरे बघ. चौकोनी घड्याळाचे कोपरे घासून गोल झाले की त्याची ऐटच जाते. याची शाबूत आहे. शाब्बास! डोळा तयार झाला तुझा."

यशोधनला अगदी भरून आलं. इतकी वर्षं तो या एका शब्दासाठी झुरला होता.

"आता मागे बघा," तो म्हणाला.

मागे ताज्या अक्षरांत कोरलं होतं, 'परकार उस्तादांस. शिष्य यशोधन.'

उस्तादांनी अक्षरांवरून अंगठा फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग अंगठा मध्येच थांबला.

"पाठ पातळ लागते."

"थोडी घासून घेतली. आधी काहीतरी कोरलेलं होतं."

"काय होतं?"

यशोधनने आठवून पाहिलं...

"वाचलं होतं मी. आता आठवत नाही. पण तुम्हीच शिकवलंत ना, पाठीवर परक्याचं काही कोरलेलं असलं की भाव उतरतो?"

"शिकवलं."

"मग तुम्हाला उतरत्या भावाचं कसं देऊ?"

उस्तादांनी घड्याळ तोंडाजवळ नेलं आणि त्याच्या पाठीवर हलकेच वाफ सोडली.

ही त्यांची जुनी रीत. सोनं घासून सपाट करता येतं, पण कोरताना पडलेला दाब आत राहतो आणि वाफ धरली की कधी कधी क्षणभर वर येतो. चोरीची घड्याळं ओळखायला यशोधनने ही रीत कितीदा तरी वापरली होती. आपल्याच भेटीवर ती वापरून पाहावी, हे काही त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्याने मान पुढे केली. ताज्या नावाच्या वर एक शब्द उमटला.

'दादास'.

खाली आणखी एक ओळ होती. ती लागेपर्यंत वाफ विरली.

"पुन्हा, उस्ताद."

उस्तादांनी पुन्हा वाफ सोडली. पुन्हा 'दादास'. पुढचं काही लागेना. घासणाऱ्याने काम चोख केलं होतं.

कुणा धाकट्या भावाने, नाहीतर बहिणीने, सगळी माया त्या ओळीत घातली असेल. आणि आपले आभार मांडायला जागा हवी म्हणून आपण ती पुसून टाकली! लाजेने यशोधनचे कान तापले.

"द्या इकडे. हे तुम्हाला देण्याच्या लायकीचं राहिलं नाही."

उस्तादांनी मूठ मिटली.

"निदान माझं नाव तरी घासून काढतो."

"आणखी किती पातळ करशील?"

यशोधनने वाकून त्यांचे पाय धरले.

"चुकलो, उस्ताद. तुमचे आभार मानायचे होते मला. दुसरं काही नव्हतं हो मनात."

"ठाऊक आहे रे."

उस्तादांनी डावी बाही वर सारली आणि मनगट पुढे केलं. बारीक झालेलं, उन्हाने रापलेलं.

"बांध."

यशोधनला खरंच वाटेना. त्याने पट्टा आवळला. कुठल्याही लिलावात त्याला इतकं सुख झालं नव्हतं, आणि इतकं अपराधीही कधी वाटलं नव्हतं.

उस्तादांनी दुसरा तळवा घड्याळावर ठेवला. ते मनगटाशी दाबून धरलं. बराच वेळ... त्यांचे डोळे पाणावले होते.

"टोचतंय का, उस्ताद?"

"नाही रे," ते म्हणाले. "फार वर्षांनी मला कुणी दादा म्हटलं."