उतारशाळेची माडी

खूप खूप वर्षांपूर्वी, खेळणी अजून गावातच घडत असत तेव्हा, समुद्राकाठी एक गाव होतं. तिथल्या सुतारबाबांनी मुलांसाठी रंगीत लाकडी ठोकळे केले होते. एकावर एक दाबले की ते घट्ट बसत. घराघरांतून तो 'टक् टक्' आवाज येऊ लागला की गावाला वाटे, नाताळ आला.

नाताळच्या संध्याकाळी सुतारबाबा येशूजन्माची गोष्ट सांगत आणि मुलं ती ठोकळ्यांनी रचत. सगळं गाव दिवे घेऊन बघायला येई.

एका वर्षी मुलांनी बेथलेहेमची उतारशाळा, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामाची जागा, फारच मोठी केली. तिला विहीर केली, उंटांसाठी अंगण केलं. वरची माडी एका लहान मुलीकडे आली. आजवर तिला फक्त ठोकळे पुसायचं काम मिळे. तिने माडीला खिडक्यासुद्धा केल्या. कधी एकदा आईला दाखवते, असं तिला झालं होतं.

सुतारबाबा सांगत होते, "मरीया आणि योसेफ दमून दाराशी आले. मरीयेचे दिवस भरले होते. पण उतारशाळेत जागा नव्हती. शेवटी त्यांना एक गोठा मिळाला." ते थांबले. "गोठा कुठाय रे?"

मुलांनी टोपलीत पाहिलं. एकही ठोकळा उरला नव्हता.

"तुझी विहीर मोड की."

"आणि उंट काय समुद्राचं पाणी पितील? तुझं अंगण मोड."

"मरीयेला उद्या यायला सांगा," तिसरा म्हणाला. सगळे हसले.

सुतारबाबा हसले नाहीत. "मग बाळ उघड्यावर जन्मेल. तशी गोष्ट मला सांगता येत नाही."

मुलगी आपल्या माडीकडे बघत राहिली. आई अजून आली नव्हती. मग तिने एकेक ठोकळा उपसायला सुरुवात केली. गोठा वेडावाकडा झाला, एका बाजूला छप्परही पुरलं नाही. तिने लाकडाचं इवलंसं बाळ आत ठेवलं आणि गोष्ट पुढे सरकली.

थोड्या वेळाने आई आली. "तू काय केलंस गं?"

"माडी केली होती. तिचा गोठा झाला."

आईने आपला दिवा गोठ्यापाशी ठेवला. मागून येणाऱ्यांनीही तिथेच ठेवले.

त्यानंतर त्या गावात उतारशाळेला कधी माडी चढली नाही. परगावचे लोक विचारत, "काम अर्धवट का सोडलंत?" मुलं गोठ्याकडे बोट दाखवत.

दुसऱ्यासाठी जागा आपोआप उरत नाही, ती आपल्यातून काढून द्यावी लागते.