हौसाबाईची म्हैस

"...मग त्या बायका माझ्यासमोर माना तरी का डोलावतात, अक्का?"

वासंती उंबऱ्यावर बसून विचारत होती. बायकांना दूधधंद्याचं प्रशिक्षण देणारी म्हणून तालुक्यात तिचं नाव होतं. धार काढायला मात्र तिला जिऊअक्कांनीच शिकवलं होतं. डोंगराखालच्या मठात अक्का आपल्या गाईंसोबत एकट्या राहत.

अक्कांनी गाईपुढे वैरण टाकली.

"मी काही बाकी ठेवत नाही. हात धुवा, कास धुऊन कोरडी करा, पहिल्या धारा वेगळ्या वाटीत काढून बघा. फळ्यावर चित्र काढून दाखवते. सगळ्या हो हो म्हणतात. माझी पाठ वळली की परत जुनंच. माझ्या शिकवण्यात काय कमी आहे?"

"दिवस कलला," अक्का म्हणाल्या. "हौसाबाईकडे चल."

वाडीच्या टोकाला हौसाबाईचा गोठा होता. आत अंधारून आलं होतं.

हौसाबाई पाठमोरी, उकिडवी बसलेली. तिने हात धुतले. ओलं फडकं पिळून त्याने पुसलं, मग कोरड्याने पुसलं. वाटी खाली धरून मूठ आवळली.

चर्र... चर्र...

वासंती सुखावली. "बघा अक्का. एकीने तरी ऐकलं माझं."

मग तिची नजर अंधाराला सरावली.

खुंट्याला दावं होतं. दाव्याला म्हैस नव्हती.

चर्र... चर्र...

"म्हैस कुठंय, हौसाबाई?"

"गेली." हौसाबाई वळली नाही. "दगडी झाली तिला. कास दगडासारखी घट्ट झाली, सडातनं दुधाच्या जागी पू यायला लागला. पोळ्याच्या आधी पुरली."

"अहो, शाळेत सगळ्यांसमोर सांगितलं होतं मी."

"सांगितलं होतं की, बाई. तेव्हा मी विचारलंबी होतं. म्हटलं, एका सडाला गाठ लागतीय, हात लावू देत नाही. तुम्ही म्हणालात, प्रश्न शेवटी."

"मग?"

"शेवटी फोटो काढला. मग तुमची गाडी गेली."

वासंतीने आठवून पाहिलं. बायका आठवल्या, फळा आठवला. हौसाबाईचा चेहरा आठवेना.

"आता तुम्ही सांगितलं तसंच करते," हौसाबाई म्हणाली. "एक दिवस चुकवत नाही."

तिने मागे हात करून वाटी वासंतीपुढे धरली.

"बघा बरं. आज गुठळ्या हायेत का?"

वासंतीने वाटी घेतली. आत काही नव्हतं. बोट फिरवून पाहिलं, कोरडी होती.

पण वाटी कोमट होती. नुकत्याच काढलेल्या धारेने होते तशी.

वाटी ठेवायला तिला जागा सापडेना.

"अक्का... मी उद्या येते. सगळ्या बायांना परत गोळा करते. पहिल्यापासून सांगते."

ती दाराकडे वळली. अक्कांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून तिला खाली बसवलं. शेणात, हौसाबाईच्या शेजारी, त्या खुंट्यासमोर.



"मी काय करू इथे, अक्का?"

"बस. पान्हा सुटायला वेळ लागतो."