अरण्यातल्या विहिरी

पूर्वी शैलावती नगरीत धृतिमान राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचा अमात्य होऊन जन्मले होते.

नगरी आणि डोंगराकडची गावे यांच्यामध्ये मोठे अरण्य होते. त्यातून मिठाचे तांडे नेण्याचा हक्क फक्त रक्षकांच्या एका वस्तीला होता. ते मागतील ते द्यावे लागे, म्हणून डोंगरात मीठ फार महाग पडे. अमात्यांच्या सल्ल्याने राजाने तो हक्क मोडला. वाट सर्वांना मोकळी झाली.

तीन वर्षांनी राजाने विचारले, "आपण केले ते बरे झाले का?"

सभेत सर्वांनी गुणगान केले. अमात्य म्हणाले, "महाराज, मी अजून पाहिलेले नाही. पाहून येतो."

ते साध्या वेषात निघाले. डोंगरातल्या एका घरी पेज मिळाली. घरधनीण म्हणाली, "पूर्वी सणालाच मीठ घालायचो. आता पोरं रोज चवीनं जेवतात." अमात्यांना समाधान वाटले.

परतताना ते रक्षकांच्या वस्तीत थांबले. बहुतेक घरांची दारे बंद होती. मृगा नावाची म्हातारी एकटीच अंगणात बसली होती. रक्षकांचा नायक खदिर तिचा नवरा.

"घरातली माणसं कुठं आहेत, माई?"

"दोन्ही मुलं नगरात विटा वाहायला गेली. धाकट्याचा पत्ता नाही. हे विहिरीत गेले."

अरण्यातल्या विहिरींचा गाळ दरवर्षी चाळीस रक्षक मिळून काढत. हक्क गेला, माणसे पांगली. खदिर एकटाच उतरत राहिला. एका पावसाळ्यात काठ ढासळला. तिसऱ्या दिवशी तो सापडला.

"त्यांना एकट्यानं उतरायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. म्हणायचे, वाटसरू तहानेनं मरतील."

विहिरी कोण राखतो, हे अमात्यांनी कधी विचारलेच नव्हते. ते म्हणाले, "माई, हक्क मोडायचा सल्ला माझा होता."

म्हातारीने पाण्याचा लोटा त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "मीठ स्वस्त झालं, ते चांगलंच झालं. पण आधी एकदा यायचं होतं, बाबा. आम्हाला विचारायचं होतं."

अमात्य नगरीत परतले.

सभेत त्यांनी दोन्ही गोष्टी सांगितल्या. राजा म्हणाला, "म्हणजे लाभाचेच पारडे जड."

"जड आहे, महाराज. वाट पुन्हा बंद करू नये. पण एका पारड्यातला माणूस दुसऱ्या पारड्यातल्या मिठाने भरून निघत नाही. ज्यांनी किंमत मोजली, त्यांच्या वाट्याला लाभ आला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलेही नाही. हा दोष माझा."

राजाने मिठाच्या जकातीतला हिस्सा रक्षकांना लावून दिला आणि विहिरींचे काम त्यांच्याकडे सोपवले. काही घरे उघडली. मृगाचा थोरला परत आला, तेव्हा आई जाऊन महिना झाला होता. धाकटा कधीच आला नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, भिक्षूंना सांगितली. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तो राजा म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद. मृगा म्हणजे काल आपल्या दारी आलेली पुत्रहीन उपासिका. आणि तो अमात्य मीच होतो. लोक स्तुती करीत असताना आपल्या हातून झालेले नुकसान स्वतःच्या तोंडाने सांगणे, ही सत्यपारमिता, सत्याची परिपूर्णता."