जांभईचा शाप आणि कुंतलेचे तीन पेले

एका राज्यात सगळेच जांभया देत. राजाने दिली की प्रधान देई, प्रधानाने दिली की हत्ती देई. राजकन्या कुंतलेच्या लग्नाचे तर हसेच झाले होते. अंतरपाट धरला की भटजी म्हणत, “शुभमंगल साव...” आणि पुढचे अक्षर जांभईत बुडे. नवरदेव पद्मसेन हातातल्या हारासकट पेंगे. मुहूर्तामागून मुहूर्त टळत होते.

शाप होता धुरंगा मायाविनीचा. तिने भेट धाडलेल्या बियांची कॉफी राजाने भर दरबारात “करपट!” म्हणून थुंकली होती. पेंग कुंतलेलाही येई, पण लग्नाची घाई तिला झोपू देईना. ती डोंगर चढून धुरंगेच्या गुहेत गेली.

“शाप मागे घ्या, मायाविनी.”

“एकाच झाडाच्या कॉफीच्या बिया देते. तीन पेले कर. आंबट, गोड आणि कडू. तिन्ही मला रुचले पाहिजेत. नाहीतर इथेच घोरत पडशील.”

चुलीपाशी एक धनेश पक्षी बसला होता. तो म्हणाला, “राजकन्ये, डोळे मिटले तरी चालतील, कान उघडे ठेव. बी बोलते.”

कुंतलेने पहिला घाणा कढईत भाजायला टाकला. थोड्या वेळाने तडतड झाली. ती ओसरताच तिने कढई उतरवली. बिया फिक्या आणि टणक होत्या. तिने त्या बारीक दळल्या, उकळते पाणी ओतले आणि धीर धरला. पेला करवंदासारखा आंबट, फुलांच्या वासाचा निघाला. दुसरा घाणा तिने आणखी थोडा परतला. बिया तपकिरी झाल्या, आंबटपणा मागे सरला, गुळाची गोडी आली. धुरंगेने दोनदा मान डोलावली.

तिसरा घाणा पुन्हा तडतडला. बिया काळ्या झाल्या, तेलाने चकाकल्या. कुंतलेने तशाच बारीक दळल्या, तसेच उकळते पाणी ओतले, चाखले आणि तोंड वाकडे केले.

“करपट!”

धुरंगेच्या भुवया चढल्या. कुंतला वरमली. तिने एक बी चिमटीत धरली, तर ती सहज चुरली.

“हिने खूप विस्तव सोसला आहे. आता हिला छळायचे नाही,” ती म्हणाली. मग तिने जाडसर दळले, पाण्याची उकळी निवू दिली आणि झटकन गाळले. पेला कडू, दाट आणि शेवटी काकवीसारखा गोड लागला.

“तुझ्या बापाच्या मुदपाकखान्यात हेच चुकले,” धुरंगा हसली. “आता त्याने चूक कबूल केली की शाप सुटेल.”

कुंतलेने घरी परतून केलेली तिसऱ्या तऱ्हेची कॉफी राजाने घेतली. पुन्हा मागितली. “करपली नव्हती,” तो म्हणाला, “माझीच जीभ घसरली. क्षमा असावी, धुरंगाबाई.”

हत्तीची जांभई अर्ध्यावरच विरली. भटजी “सावधान!” असे कडाडले की धरणाऱ्यांच्या हातून अंतरपाटच निसटला. पद्मसेनाचे डोळे कुंतलेने पहिल्यांदाच सताड उघडे पाहिले. फार छान होते.