अण्णांचं पान

"मग खोटं लिहू का, महाराज?"

शार्दूल खटावकराने हे तिसऱ्यांदा विचारलं. भिकूगिरी महाराज मठाच्या ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. ते फोडतच राहिले.

शार्दूल स्वतःची वेबसाइट चालवायचा, चौदा वर्षं. तिच्यावर एक जाहिरात नाही. वाचणाऱ्यावर पाळत नाही, कुणाची माहिती गोळा करणं नाही. याचा त्याला भारी अभिमान होता, आणि तो उगाच नव्हता. आजकाल एवढं तरी कोण पाळतं?

गेल्या वर्षी त्याच्या वडिलांना, अण्णांना, विसर पडू लागला. शार्दूलने त्यांच्यासाठी एक वेगळं पान उघडलं. अण्णा आज काय विसरले, कशाला घाबरले, केव्हा रडले, सगळं तो रोज लिहायचा. सोबत फोटो असायचा. लोक वाचायचे, हळहळायचे, त्याला लांबलांबून पत्रं पाठवायचे.

परवाच्या फोटोत अण्णा न्हाणीघरात उभे होते. लेंगा ओला, चेहरा भांबावलेला. खाली लिहिलं होतं, आज अण्णांना कपड्यातच झाली.

तो फोटो बघून थोरल्या बहिणीने, शालनताईने, निर्वाणीचा फोन केला. पान काढ, नाहीतर मी अण्णांना माझ्याकडे घेऊन जाते. भांडण बरंच वाढलं. शेवटी अण्णा उभा जन्म ज्या मठात येत होते, तिथले महाराज सांगतील ते दोघांनी ऐकायचं, असं ठरलं. म्हणून शार्दूल आला होता.

"एक अक्षर खोटं नाही त्यात," तो म्हणाला. "त्यातून मला काही मिळतही नाही. एका बाईंनी कळवलं, तुमचं वाचल्यापासून मी माझ्या आईवर ओरडणं सोडलं."

"चांगलं झालं."

"मग पान काढायला सांगू नका."

महाराजांनी आणखी एक शेंग फोडली.

"अण्णांना विचारलंस?"

"काय विचारणार? ते मलाच ओळखत नाहीत... तो फोटो मी त्यांना दाखवला, महाराज. हसले. म्हणाले, हा म्हातारा कोण?"

त्याला बापाविषयी माया नव्हती असं कुणी म्हणू नये. अण्णांना आंघोळ तोच घालायचा, घासही तोच भरवायचा.

मुद्दा मात्र त्याने सोडला नाही.

"लाज वाटायला आधी कळावं लागतं. अण्णांना काही कळतच नाही. मग मी अपराध केला तो कुणाचा?"

महाराजांनी सूप बाजूला सारलं. धोतराला चिकटलेली टरफलं झटकून ते उठले.

"शंभूदादांच्या औषधाची वेळ झाली. चल."

शंभूगिरी म्हणजे महाराजांचे थोरले गुरुबंधू. नव्वदी ओलांडलेले. तीन वर्षं अंथरुणाला खिळून होते. कान पार गेलेले, आणि कोण आलं, कोण गेलं याचीही शुद्ध उरलेली नव्हती. गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मागच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. शार्दूलने ढकलायला हात पुढे केला. महाराजांनी त्याचं मनगट धरलं.

मग ते दाराबाहेर उभं राहून खाकरले.

"दादा, येऊ का आत?"

आतून काहीच आवाज आला नाही.

महाराज तसेच उभे राहिले. अंथरुणातल्या माणसाला अंगावरचं सारखं करायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ. मग त्यांनी सावकाश दार उघडलं.

शंभूगिरी आढ्याकडे बघत पडले होते. पांघरूण मांडीवरून सरकलेलं होतं. महाराजांनी आधी ते नीट केलं, मग कोनाड्यातली बाटली घेतली.

शार्दूल उंबऱ्यातच थांबला होता.

"महाराज... यांना ऐकू येतं?"

"नाही."

"तुम्ही आत आलात, हे तरी कळतं?"

"नाही."

"मग खाकरलात कशाला?"

महाराजांनी चमचाभर औषध ओतलं, आणि म्हाताऱ्याच्या मानेखाली अलगद हात घातला.

"मला ऐकू येतं."